मला ऐकू न आलेली सतरा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. हसू नका. माझे वय साडेपाच वर्षे आहे आणि आमच्या कुळात हे वय म्हणजे काठी टेकण्याचे वय. मी ज्या फळीवर पडून असतो तिथे शेजारी एक हातोडी राहते. ती चाळीस वर्षांची आहे आणि अजून रोज कामावर जाते. तिला कुणी जुनी म्हणत नाही. असो, ज्याचे त्याचे नशीब.

'नवा टॅबलेट घेतला तर रोजच्या कामाला उपयोगी पडतो का हो?' हा प्रश्न माझ्या तोंडावर मालकांच्या कितीतरी गिऱ्हाइकांनी विचारला. उत्तर दिले ते नेहमी दुसऱ्याच कुणीतरी. मला कुणी विचारले नाही. आज तुम्ही ऐकायला बसला आहात, तर मीच सांगतो. त्यात माझी शोभा नाही, पण खोटे सांगून तरी आता काय मिळणार आहे?

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, नुसते डोळे दिसत. त्यांनी मला काच बसवली. काचेभोवतीच्या काळ्या चौकटीत, वरच्या बाजूला, मसुरीच्या दाण्याएवढा डोळा बसवला. त्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढे भोक पाडले, तो माझा कान. तोंड मात्र पाठीमागे दिले. सगळ्यात शेवटी एक मुलगी हातमोजा काढून प्रत्येकाच्या काचेला एक बोट लावून बघायची. तिचे बोट मऊ होते, किंचित ओलसर होते. मला ते लागताक्षणी कळले. 'पास,' ती म्हणाली. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. मला वाटले, जगातली सगळी बोटे अशीच असणार.

पुढे मी खोक्यातून खूप प्रवास केला. झाकण उघडले तेव्हा समोर एक अरुंद गाळा होता. खुर्च्यांवर खुर्च्या उलट्या रचलेल्या, भिंतीला टेकवलेले पलंगाचे पाय, बाटल्या, कापूस, चिंध्या, आणि डोक्यात जाईल असा स्पिरिटचा वास. माझे मालक लाकडी सामानाला पॉलिश करत. चपडा म्हणजे लाखेचे पातळ तुकडे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात भिजवायचा आणि गोल गोल हात फिरवत लाकडावर चढवायचा. एक हात वाळला की दुसरा, असे वीस-पंचवीस हात. यंत्र नाही, फवारा नाही. मालक डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायचे की हे शिसव आहे, हे सागवान आहे आणि याला कुणीतरी घाईत घासले आहे. गावातल्या लोकांना त्यांच्या बोटांचे कौतुक होते आणि खरे सांगायचे तर त्यांना स्वतःलाही होते.

मला पाठवले होते त्यांच्या मुलीने. तिची गोष्ट मला शेजारच्या गाळ्यातल्या चष्मेवाल्यांकडून कळली. चष्मेवाले ती कुणालाही सांगत, समोरच्याने विचारायची वाट बघत नसत. मुलगी बापाच्या हाताखाली अकरा वर्षे शिकली. मग तिने एक फवारा यंत्र आणायचे काढले. वीस हातांचे काम एका तासात होते, म्हणाली. मालकांना राग आला. त्यांना राग आला की ते बोलत नसत, मूग गिळून बसत. एकदा म्हणे ते बारा दिवस बोलले नव्हते. या वेळी मात्र ती दूरच्या शहरातल्या कारखान्यात नोकरीला निघाली तेव्हा दारात एकच वाक्य बोलले, "जायचं तर जा, पण माझ्या हाताखाली शिकले असं कुणाला सांगू नकोस." त्याला दीड वर्ष झाले होते. दोघेही एकाच लाकडाचे. कुणी वाकले नाही.

आणि मग तिने मला पाठवले. म्हणजे मित्रांनो, मी नुसता टॅबलेट नव्हतो, मी त्या मुलीने पुढे केलेला हात होतो. माझ्याबरोबर चिठ्ठी होती. 'बाबा, दर रविवारी दुपारी बाराला फोन करीन. हिरवा गोल दिसेल, त्यावर बोट ठेवा. मधे कुणाला घेऊ नका. तुम्ही आणि मी, बस.' मालकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. आवाज करणारी वस्तू कामाच्या जागी नको म्हणून त्यांनी साधा फोनसुद्धा कधी घेतला नव्हता. मला मात्र त्यांनी सगळ्यात उजेडाची जागा दिली.

मला चालू करून दिले चष्मेवाल्यांनी. पहिला रविवार आला. मालकांनी साबणाने हात धुतले, धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि पावणेबारालाच माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. बाराला मी वाजलो. वाजताना मी थरथरतो, तसा थरथरलो. काचेवर मुलीचा फोटो आला, खाली हिरवा गोल आला. मालकांनी त्यावर बोट ठेवले.

मला काहीच कळले नाही.

मला दिसत होते की बोट काचेवर आहे. पण चाळीस वर्षे लाख आणि स्पिरिट खाऊन ते बोट इतके कोरडे, इतके गुळगुळीत आणि टणक झाले होते की माझ्या काचेला ते माणसाचे वाटेना. लाकडाचा तुकडा ठेवावा तसे. त्यांनी जोरात दाबले. अंगठा लावला. डावा हात लावून पाहिला. मग पाचही बोटे एकदम ठेवली. मी आपला वाजतोय, वाजतोय, आणि मग थांबलो. "का रे, माझ्यावर का रुसलास?" त्यांनी मला विचारले. मी रुसलो नव्हतो हो! पण सांगणार कसा?

सोमवारी चष्मेवाले आले, त्यांनी काचेवर बोट टेकवले आणि मी शहाण्या मुलासारखा लगेच उघडलो. मला माझीच लाज वाटली. "मिस्त्री, अगदी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही घाबरून दाबत असाल."

"तसंच असेल," मालक म्हणाले.

ज्या माणसाची बोटे डोळे मिटून लाकूड ओळखतात, त्याने 'माझी बोटं याला कळत नाहीत' असे कुणाला कसे सांगावे? त्यांनी सांगितले नाही. चिठ्ठीही दाखवली नाही. मधे कुणाला घेऊ नका, असे तिनेच लिहिले होते ना.

असे नऊ रविवार गेले. सदरा धुतलेला, केस विंचरलेले आणि मी वाजून वाजून गप्प. तिकडे त्या मुलीला काय वाटत असेल, हे तुम्ही ओळखले असेलच. माझ्या काचेवर एका कोपऱ्यात आकडा दिसायचा, न उचललेले फोन नऊ. मालक तो आकडा बोटाने पुसायला बघायचे.

एरवीच्या दिवशी माझा उपयोग काय होता, तेही सांगून टाकतो. चष्मेवाले येऊन हवामान बघायचे, क्रिकेटचा धावफलक बघायचे. मालक माझी बंद काच पॉलिश झालेल्या टेबलाशेजारी धरायचे आणि टेबलाला म्हणायचे, "बघ, असं चकाकायला हवंस." एकदा मला चपड्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवले, तर मी मोठा झालो. चिकटवलेल्या पट्टीवर वजन म्हणून ठेवले, तर मी हलका झालो. "असून अडचण नसून खोळंबा," चष्मेवाले हसून म्हणाले. मालक हसले नाहीत. त्यांनी मला उचलून पुन्हा उजेडात ठेवले.

आणि मित्रांनो, इथेच त्यांच्या हातून ती चूक झाली. पॉलिशवाल्याखेरीज जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती. मालकांचा एक विश्वास होता. कुठलीही वस्तू अडून बसते ती दुर्लक्षामुळे. खण अडकला, मेण लावा, सुटतो. दार कुरकुरले, घासा, पुसा, ऐकते. मला त्यांच्या गाळ्यात येऊन दोन महिने झाले होते आणि त्यांनी मला एक हातही मारला नव्हता. म्हणून एका गुरुवारी त्यांनी मला मांडीवर घेतले. आरशाला पॉलिश करताना काचेला हात लावत नाहीत, चौकटीलाच पॉलिश करतात. तसे त्यांनी माझी काच फडक्याने झाकली आणि काळी चौकट निरखून पाहिली. वरच्या बाजूचे बारीक भोक त्यांना दिसले.

"अरेरे," ते हळहळले, "एवढ्यात कीड लागली?"

माझ्या कानाने ऐकलेले ते शेवटचे वाक्य. त्यांनी मेणात खडूची पूड कालवली, टोकदार काडीने ते भोक दाबून दाबून भरले आणि वरून लाखेचा बोळा फिरवला. कानात बोळे घातल्यासारखे म्हणतात, तशी माझी गत झाली. जग एकदम गप्प झाले. मग त्यांनी चौकटीवर हात चढवायला सुरुवात केली. पहिल्या हाताला मला सगळे मधासारखे दिसले. चौथ्याला गढूळ पाण्यासारखे. दमट हवेत लाखेवर पांढुरका पापुद्रा धरतो, तसा तो धरला, आणि रविवारपर्यंत माझा डोळा पुरता गेला. पण सांगू का? त्यांचा हात फार हलका होता. माझ्या आयुष्यात इतक्या मायेने मला कुणी हाताळले नव्हते. हाताळत होते आणि आंधळे-बहिरे करत होते, तरी मला बरे वाटत होते.

रविवारी ते शेवटचा हात मारत होते, तेवढ्यात मी वाजलो. थरथरलो. काचेवरचे फडके सरकले, बोळा घसरला आणि काचेवर आला. ओला, गार बोळा, नेमका हिरव्या गोलावर. आणि तो मला कळला!

मुलगी काचेवर आली. डोळा आणि कान गेले तरी माझे तोंड शाबूत होते आणि काच लखलखीत होती. म्हणजे मालकांना ती दिसत होती, ऐकू येत होती. तिला मात्र इकडचे काहीच जाणार नव्हते. हे मला ठाऊक होते. दुसऱ्या कुणालाच नव्हते.

"बाबा? उचललात!" ती ओरडलीच. मग म्हणाली, "तुम्ही दिसत नाही. असू दे. नुसतं बोला." ती थांबली. मालकांच्या तोंडून तेव्हा शब्दच फुटला नव्हता, असे ते नंतर म्हणाले. "अजून राग आहे तर," ती म्हणाली. "बरं, आधी मी बोलते. बाबा, मी सांगते सगळ्यांना. तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, की मी कुणाच्या हाताखाली शिकले. इथं यंत्रानं एखादं काम बिघडलं ना, की मला बोलावतात. हातानं करायला. त्या वेळी तुम्ही मागे उभे आहात असं वाटतं आणि माझी मान ताठ होते. झालं माझं. आता तुम्ही बोला. कितीही वेळ लागू दे, मी थांबते. मधे एक शब्द बोलणार नाही."

आणि ती थांबली. मी घड्याळ चुकवत नाही, म्हणून सांगतो, ती सतरा मिनिटे थांबली. हनुवटीला हात लावून, माझ्या झाकल्या गेलेल्या डोळ्याकडे बघत. एकदा तिने डोळे पुसले. एकदा मान खाली घातली. मला कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, एवढेच मला इकडचे कळत होते. मग ती म्हणाली, "ठीक आहे. समजलं मला. यापुढे मी फोन करणार नाही. तुम्हाला वाटलं, तर तुम्ही करा."

काच काळी झाली. मला उचलून फळीवर ठेवले गेले, तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतर चार रविवार कुणीच वाजवले नाही. आंधळा, बहिरा आणि भिंतीकडे तोंड. माझ्यासारखा एकटा प्राणी त्या महिन्यात जगात दुसरा नसेल असे मला वाटे. पण माझ्यापासून तीन हातांवर आणखी एक जण होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

एका दुपारी चष्मेवाले थोडे स्पिरिट मागायला आले आणि त्यांनी मला सहज उचलले. पुढचे सगळे मला नीट माहीत आहे, कारण त्यांनी आधी माझा कान टोकरला.

"मिस्त्री, अहो हे काय केलंत!" मेण निघाल्यावर मला ऐकू आलेले हे पहिले वाक्य. "डोळ्यात मोतीबिंदू केलात याच्या! आणि हे भोक का बुजवलंत?"

"कीड होती," मालक म्हणाले.

"कीड कसली? कान आहे तो! यातून तुमचा आवाज पलीकडे जातो. कधी बुजवलंत?"

"गुरुवारी. तिचा फोन आला त्याच्या आधीच्या."

चष्मेवाले माझ्या डोळ्यावरची लाख स्पिरिटने पुसत होते. पहिल्यांदा उजेड आला, मग स्टूल दिसले, मग स्टुलावर हळूच बसणारे मालक. महिन्याभरात ते वाळले होते.

"म्हणजे तिला काहीच गेलं नाही?" त्यांनी विचारले. "मी बोललो हो, चष्मेवाले. आधी शब्द फुटेना, मग सगळं बोललो. आयुष्यात कधी एवढं बोललो नव्हतो. ती ऐकत होती. एकटक ऐकत होती. डोळे पुसले तिनं. आणि मग म्हणाली, आता फोन करणार नाही."

"एक अक्षर गेलं नसेल, मिस्त्री," चष्मेवाले म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मालकांनी मग चिठ्ठी दाखवली, बोटांचेही सांगितले. चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. दोनदा उचलला गेला नाही, तिसऱ्यांदा ती आली, कारखान्याचा अंगरखा घातलेली, चेहरा दगडासारखा. चष्मेवाल्यांनी मेण, कीड, मोतीबिंदू, बोटे असे सगळे एका दमात सांगून टाकले. ती आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. "बाबा," ती म्हणाली, "अहो बाबा!"

आता बोलतील, मला वाटले. माझा कान साफ होता, डोळा साफ होता. मी जीव कानात आणून वाट पाहिली. मालक पुढे सरकले, तोंड उघडले. बाजूला चष्मेवाले कमरेवर हात ठेवून, लग्न जमवून आणल्याच्या थाटात उभे होते.

"जेवलीस का?" मालक म्हणाले.

"जेवले. तुम्ही?"

"हो. झालं."

तेवढेच. पण अबोला सुटला. चष्मेवाल्यांनी मग मालकांचे ढोपर, मनगट, सगळे माझ्या काचेला लावून पाहिले आणि शेवटी कळले ते नाक. मालकांच्या नाकाचा शेंडा मला पहिल्या स्पर्शाला कळला. मऊ आणि किंचित ओलसर. "नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ पाहिले," चष्मेवाले म्हणाले, "नाकाने फोन उचलणारे तुम्हीच पहिले." तेव्हापासून दर रविवारी मुलीला आधी भलेमोठे नाक दिसायचे आणि मग बाबा. ती दर वेळी तितकीच हसायची. ती वर्षे माझ्या सुखाची होती.

बोलणे काय व्हायचे? चपडा आता पहिल्यासारखा मिळत नाही. गुडघा दुखतो. तिकडे थंडी आहे का? दुसऱ्या वर्षी ती चार दिवस राहून गेली, तेव्हाही असेच. आणि एका रविवारी, इकडे गाळ्यात कुणी नसताना, तिने विचारले, "बाबा, त्या दिवशी सतरा मिनिटं तुम्ही काय बोलत होता?"

मालकांनी फडके उचलले आणि माझी चौकट पुसायला घेतली.

"आठवत नाही गं आता," ते म्हणाले. "असंच काहीतरी."

"सांगा ना."

"तिकडे दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं का गं?"

ती म्हणाली, "पडतं, बाबा." आणि ती पांढऱ्या पॉलिशबद्दल सांगत राहिली. तिने पुन्हा कधी विचारले नाही.

त्यांना आठवत होते, मित्रांनो. माझ्याइतके जवळून त्यांचे तोंड दुसऱ्या कुणी पाहिलेले नाही, म्हणून मी सांगतो. पण तसे बोलणे माणसाला एकदाच जमते. मालकांना जमले, ते त्यांनी माझ्या स्वाधीन केले आणि मला ते ऐकू आले नाही.

पुढे माझ्यातले बोलण्याचे साधन जुने झाले. 'या उपकरणावर यापुढे चालणार नाही' असे एके दिवशी माझ्याच काचेवर उमटले. मुलीने नवा टॅबलेट पाठवला. तो माझ्या उजेडाच्या जागेवर बसला आहे. तोही मालकांचे नाक ओळखतो. रविवारी मी फळीवरून त्यांचे बोलणे ऐकतो, गुडघा, थंडी, चपडा. नव्याला वाटते, या घरात एवढेच बोलायचे असते. मी त्याला काही सांगत नाही.

तर रोजच्या कामाला टॅबलेट उपयोगी पडतो का? पडतो. हवामान, धावफलक, जेवलीस का, या सगळ्याला पडतो. घ्या खुशाल. फक्त माझी एवढी विनवणी ऐका. ज्याच्यासाठी घ्याल त्याचे बोट त्याला कळते का, हे शेजारी बसून एकदा बघा. आणि पलीकडचा माणूस गप्प आहे असे वाटले, तर समजून घेतल्यासारखे करून उठू नका. त्याला विचारा, 'तुम्ही बोलताय का? मला ऐकू येत नाहीये.' त्या मुलीने हे विचारले असते, तर सतराव्या मिनिटाला तिचे बाबा गाळ्याबाहेर पळत गेले असते आणि मिळेल त्या फोनवरून त्यांनी तिला सगळे पहिल्यापासून सांगितले असते.